दुसरा पेला

नेवाशाच्या आसपासची चाळीस-बेचाळीस गावं सुभद्राबाई भिंगारदिव्यांनी जवळजवळ तीस वर्षं पायी तुडवली. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, खरजेच्या मलमाची डबी आणि फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी. लोक त्यांना बायबलबाई म्हणत. कुणी आदराने म्हणे, कुणी कुत्सितपणे. बाईंना दोन्ही चालत असे.

नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तीन दिवसांत गेला, तेव्हा सुभद्राबाई एकवीस वर्षांच्या होत्या आणि मारुती कडेवर होता. महिनाभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग एका रविवारी पाळकांनी उपासनेत कोळ्यांची गोष्ट सांगितली. प्रभू सरोवराच्या काठाने चालला होता, जाळी टाकणाऱ्या माणसांना त्याने नुसतं आपल्या मागे बोलावलं, आणि ती माणसं जाळी तिथंच टाकून निघाली. ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून पन्नास वेळा ऐकली असेल. त्या दिवशी मात्र वाटलं, हे आपल्यालाच म्हटलंय. दुसऱ्या दिवशी त्या मिशनच्या मडमेपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला काम द्या. मी जाते."

त्या दिवसांतली एक हकिकत त्या पुढे आल्या-गेल्याला सांगत. चैत्रातल्या उन्हात एका गावाबाहेर घेरी येऊन पडल्या होत्या. मांगवाड्यातल्या एका बाईने उचलून घरात नेलं, पाणी पाजलं, भाकरी-चटणी खाऊ घातली. सुभद्राबाईंचं घराणं मूळ महारवाड्यातलं. बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या, तरी महारांतून ख्रिस्ती झालेले मांगांच्या हातचं पाणी घेत नसत, मग ते मांग ख्रिस्ती असोत की नसोत. गावाने दोघांनाही वेशीबाहेर ठेवलेलं, आणि त्या वेशीबाहेर ही आणखी एक वेस. बातमी घरी पोचली तशी सासूने सुनेला तीन दिवस गोठ्यात झोपवलं. सुभद्राबाई तीन दिवस गोठ्यात बसून मोठ्याने गाणी म्हणत राहिल्या. चौथ्या दिवशी सासूच कंटाळून म्हणाली, "ये बाई आत. तुझ्या गाण्यानं म्हैस दूध देईना."

हे सांगताना त्या हसत, आणि ऐकणाराही हसे.

स्वातंत्र्यानंतर मडमा आपल्या देशी गेल्या. शाळा बंद पडल्या, बायबलबायांना घरी बसायला सांगण्यात आलं. मारुतीचा एव्हाना मारुतराव झाला होता. मिशनच्या कारखान्यात तो फिटरचं काम शिकला होता. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहतोय असं कळलं, तसा तो चौपन्न साली बायको सुमनताई, मुलगी इंद्रायणी आणि आई यांना घेऊन चिंचवडला आला. स्टेशनाच्या मागे दहा खोल्यांची एक चाळ होती, तिथं खोली मिळाली. शेजारी अजीज मेकॅनिक आणि त्याची बायको बिल्किस. समोरच्या माळावर कुठून कुठून आलेल्या मजुरांच्या झोपड्या.

ख्रिस्ती माणसं एकमेकांना बरोबर हुडकून काढतात. रस्त्यात कुणी 'सलाम' म्हटलं की ओळख पटायची. वर्षभरात नगरकडची अकरा घरं जमली. दर रविवारी मारुतरावाच्या पडवीत उपासना होऊ लागली आणि सणावाराला पुण्याहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येऊ लागले. प्रभूच्या आठवणीत एकच भाकर मोडायची आणि एकाच पेल्यातला द्राक्षरस सगळ्यांनी घ्यायचा. आदल्या दिवशी सुभद्राबाई काळ्या मनुका भिजत घालत, उकळत, फडक्यातून गाळून तो रस बाटलीत भरत. मडमेने जाताना त्यांना एक उंच दांड्याचा, चांदीचा मुलामा दिलेला पेला दिला होता. तो त्या चिंचेने घासत, पुसत, पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवत. त्यांना वाटे, आपलं काम अजून संपलेलं नाही.

पंचावन्नच्या नाताळाआधी दोन रविवार एक अनोळखी जोडपं येऊन पडवीच्या पायरीखाली बसलं. माणूस काळासावळा, हाताची बोटं काथ्याने सोलवटलेली. बाई डोक्यावरून पदर घेतलेली, गाणं सगळं पाठ असल्यासारखे ओठ हलवणारी. सुभद्राबाई उठून पायरीपाशी गेल्या.

"कुठल्या गं तुम्ही?"

"जालन्याकडल्या. म्या दुर्गा. ह्ये आमचे दत्तोबा. परांच्या बांधायला हाएत कारखान्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमी मांगातले ख्रिस्ती हाव, आजी. आधीच सांगितलेलं बरं."

"मग खाली का बसलीस? ऊठ, आत ये," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून तिला वर घेऊन आपल्याच शेजारी सतरंजीवर बसवलं. त्या दिवशी त्यांना पस्तीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

नाताळाला प्रभुभोजन झालं. एकतीस माणसं होती. पेला हातोहात फिरला. दत्तोबाने घेतला, दुर्गाबाईने घेतला, पुढे गेला. सुभद्राबाई बघत होत्या. दुर्गाबाईच्या पुढच्या बाईने पेला ओठांजवळ नेला, डोळे मिटले आणि तसाच पुढे दिला. तिच्या पुढच्यानेही तसंच केलं. उपासना झाल्यावर सुभद्राबाईंनी पेला पाहिला, तर अर्ध्याहून जास्त रस तसाच होता.

आठवड्याने मारुतराव कामावरून आला आणि चहा न घेताच म्हणाला, "आई, तीन घरांनी सांगितलंय. त्या जालनेकरांच्या मागून पेला आला तर ते घेणार नाहीत."

"मग नका घेऊ म्हणावं."

"असं कसं म्हणू? आज तीन आहेत, उद्या सहा होतील. कशीबशी मंडळी जमवलीय. जमीन मागायचीय, शेड बांधायचीय. पाळकसाहेबांना विचारलं मी. ते म्हणाले, सध्यापुरता आणखी एक पेला ठेवा, गर्दी होते असं सांगा. हळूहळू लोक शिकतील."

"हळूहळू? अरे, माझ्या सासूच्या वेळेपासून हळूहळूच चाललंय. प्रभूने माणसं बोलावली तेव्हा जात विचारली होती का?"

"प्रभूला मुलगी उजवायची नव्हती," मारुतराव बोलून गेला आणि स्वतःच दचकला.

इंद्रायणीला खडकीचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर जुनं ख्रिस्ती, आणि त्या तीन घरांपैकी एकाचे नातेवाईक. हे सुभद्राबाईंना तेव्हा कळलं.

"मी दुसरा पेला घासायची नाही," त्या म्हणाल्या. "मांडायचीही नाही."

मारुतराव बाहेर गेला. सुमनताई पीठ चाळत होत्या. मान वर न करता, अगदी मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "सासूबाई, तुम्ही देवाच्या घरच्या. तुमचं निभेल. आम्हाला याच लोकांत दिवस काढायचेत. पोरीला याच लोकांत द्यायचीय." रागावून बोलल्या असत्या तर सुभद्राबाईंना उत्तर सुचलं असतं.

त्या विचार करू लागल्या, मी इथून निघाले तर जायचं कुठं? मिशनचं घर विकलं गेलं होतं. बहीण वारली होती. गुडघे कोसभरही चालू देत नव्हते. गोठ्यात गाणी म्हणणाऱ्या त्या पोरीजवळ गमवायला काय होतं? एक लुगडं आणि एक पिशवी. आता कोपऱ्यात एक खाट होती, सकाळी हातात आयता चहा होता, केस विंचरून देणारी नात होती. देवाने म्हातारपणी दिलेल्या या गोष्टींनीच हातपाय बांधले जातील, हे कधी मनात आलं नव्हतं.

छपन्नच्या ईस्टरला टेबलावर दोन पेले होते. एक मडमेचा, दुसरा घरातला पितळी. दोन्ही सुभद्राबाईंनीच घासले होते.

पितळी पेला सतरंजीच्या एकाच कडेला फिरला. तिथं दत्तोबा, दुर्गाबाई आणि त्यांच्याबरोबर मुद्दाम बसवलेली दोन नवखी पोरं. सुभद्राबाई नेहमीच्या जागी, मधोमध बसल्या होत्या. त्यांच्यापुढे मडमेचा पेला आला. त्यांनी घेतला. दत्तोबाने मात्र पितळी पेला हातात धरून बराच वेळ आत पाहिलं. मग प्यायला, उठला, आणि शेवटच्या आशीर्वादाला न थांबता निघून गेला. पुन्हा तो उपासनेला आला नाही.

दुर्गाबाई येत राहिली. त्याच दिवशी भांडी आवरताना ती जवळ आली.

"आजी, दोन कशापायी?"

सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "माणसं वाढली ना, बाई. एकाने वेळ फार लागतो."

दुर्गाबाईने पडवीभर नजर फिरवली. त्या दिवशी सव्वीस माणसं होती, नाताळापेक्षा पाच कमी. "व्हय, वाढली," ती म्हणाली आणि सतरंजी झटकायला गेली.

प्रभूला धरून नेलं तेव्हा आपण त्याला ओळखत नाही म्हणणारा शास्त्रातला तो शिष्य निदान बाहेर जाऊन रडला होता. सुभद्राबाईंना रडूही आलं नाही. त्यांनी दोन्ही पेले पुसले आणि एकाच रुमालात गुंडाळले. मग रुमाल सोडून पितळी वेगळा काढला, कारण तो घरात पाण्याला लागायचा.

आषाढात दत्तोबाला मुदतीचा ताप आला. चौदाव्या दिवशी वाटलं उतरतोय, आणि पुन्हा चढला. सुभद्राबाई रोज दुपारी पेज घेऊन माळावरच्या झोपडीत जात. चिखलातून काठी टेकत दोनशे पावलं जायला त्यांना अर्धा तास लागे. बिल्किस कधीमधी सोबत येई आणि दुर्गाबाईला घटकाभर डोळा लागावा म्हणून स्वतः पंखा घेऊन बसे. मारुतरावाला आईचं जाणं माहीत होतं. तो अडवत नसे.

एका दुपारी दत्तोबा शुद्धीत होता. म्हणाला, "आजी, एवढ्या परांच्या बांधल्या म्या. समद्या जातीची माणसं माज्या गाठीवर पाय ठिवून वर चढली. ही गाठ कोन्या हातानं बांधली, कुनी इचारलं न्हाई."

"बोलू नको, बाळा. दमशील."

"तितं मरायचं भ्याव असतंय ना. म्हनून इचारत न्हाईत," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. एकविसाव्या दिवशी सकाळी तो गेला.

मंडळीला तोवर पवनेच्या काठी दफनासाठी एक तुकडा मिळाला होता. मारुतराव मंडळीचा चिटणीस. खबर मिळताच चार पंच पडवीत जमले. बोलणं लांबलं नाही. जागेच्या टोकाला एक ओढा होता, त्याच्या पलीकडे चार हात पडीक जमीन होती. तिथं खड्डा घ्यावा असं ठरलं. कुणी 'वेगळं' हा शब्द उच्चारला नाही. अलीकडे पाणी झिरपतं, असं म्हणाले.

दुर्गाबाई स्वतः आली. केस मोकळे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. पडवीवर न चढता ती बाजूच्या दाराने चुलीपाशी आली आणि सुभद्राबाईंचे दोन्ही हात धरले.

"वढ्याच्या पल्याड पानी न्हाई का झिरपत, आजी? तुमी एक शबूद बोला. तुमचा ल्योक हाय. तुमचं ऐकतील. जित्यापनी वायलं बसवलं, त्ये गिळलं आमी. आता मातीत तरी वायलं नगा करू."

"बोलते," सुभद्राबाई म्हणाल्या. "थांब तू. मी बोलते."

त्या काठी घेऊन पडवीच्या दारात गेल्या. चौघे पंच आणि मारुतराव बसले होते. त्यांतल्या दोघांना त्यांनी लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. सगळ्यांनी वर पाहिलं. सुभद्राबाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. त्याला ओढ्याच्या अलीकडे, पहिल्या रांगेत ठेवा, नाहीतर मला आत्ताच पलीकडे नेऊन टाका. असंच म्हणायचं होतं.

"आई," मारुतराव म्हणाला. आवाज चढला नव्हता. उलट त्यात विनवणी होती. "आई, आत जा."

काय झालं, त्यांना पुढे कधी नीट सांगता आलं नाही. ओठ हलले. त्यांनी चौकट धरली. आणि मग त्या वळून आत गेल्या.

दुर्गाबाई चुलीपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, म्हणजे ऐकण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ती त्यांच्याकडे एकदा बघून बाजूच्या दाराने निघून गेली.

दत्तोबाला मंडळीच्या जागेत पुरलंच नाही. दुर्गाबाईने गावच्या मांगवाड्यात जाऊन पदर पसरला. आधी तिथली माणसंही नाही म्हणाली. किरिस्ताव झालेला माणूस आमच्यात कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक म्हातारा मधे पडला आणि आपल्या भावाच्या शेजारची जागा दिली. तिरडीला चौथा खांदा मिळेना, तेव्हा अजीज कामावर न जाता आला.

सुभद्राबाई कुणालाही न विचारता मागून निघाल्या. बिल्किसने त्यांचा दंड धरला होता. त्या पोचल्या तेव्हा माती ओढून झाली होती आणि माणसं हात धूत होती. सुभद्राबाईंनी पिशवीतून शास्त्र काढलं. पान सापडेना.

दुर्गाबाई जवळ आली. "मिटा त्ये, आजी. हितं किरिस्तावांची प्रार्थना म्हनायची न्हाई. त्या बोलीवर जागा दिलीया."

"मनातल्या मनात म्हणते."

दुर्गाबाईने हातावरची माती झटकली. "मनातबी तुमी नगा म्हनू," ती म्हणाली.

परतताना बिल्किसने विचारलं, "नानी, आप लोगांत तर सगळे एक असतात ना? तुम्हीच सांगत होता." तिच्या विचारण्यात टोचणी नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

ज्या मंडळीसाठी हे सगळं केलं, ती त्याच वर्षी दसऱ्याला फुटली. नागपूरला लाखो लोक बौद्ध धर्माची दीक्षा घेणार अशी बातमी आली आणि अकरातली पाच घरं नागपूरच्या वाटेला लागली. जाताना हिंदुराव निरोप घ्यायला आला. हा कारखान्यातला तरुण कारकून, उपासनेत पेटी वाजवायचा. सुभद्राबाईंचा त्याच्यावर जीव होता.

"जातोस?" त्या म्हणाल्या.

"जातो, आजी. सगळ्यांच्या पंगतीला बसायचं म्हणून माझ्या आज्याने बाप्तिस्मा घेतला होता. मीही त्याचसाठी जातोय." तो थांबला. "त्या ईस्टरला मला सगळं दिसत होतं. मी पेटी वाजवत राहिलो. इथं राहिलो तर जन्मभर तेच करीन."

"तिकडे तरी नीट वाग, बाबा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

इंद्रायणीचं लग्न माघात खडकीला थाटात लागलं. सुभद्राबाईंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पोरगी सुखात पडली, हे खरंच होतं.

दत्तोबा गेल्यावर दुर्गाबाई माळावरून उठून गेली होती. ती भोसरीच्या पुढे खडीच्या खाणीवर असल्याचं सत्तावन्नच्या उन्हाळ्यात अजीजकडून कळलं. एका सकाळी सुभद्राबाई निघाल्या. अर्ध्या वाटेपर्यंत एका बैलगाडीवाल्याने नेलं, पुढची वाट त्या बसत-उठत चालल्या. खाणीवर पोचायला दुपार झाली. दुर्गाबाई फाटक्या पोत्याच्या सावलीत बसून हातोडीने खडी फोडत होती. डोळ्यांत कण जाऊ नये म्हणून कपाळापर्यंत फडकं बांधलं होतं. तिने ओळखलं, हातोडी बाजूला ठेवली.

"एवढ्या लांब चालत आलात?"

सुभद्राबाई दगडावर बसल्या. श्वास ठिकाणावर येईना, तरी बोलल्या. "दुर्गा, मी खोटं बोलले तुझ्याशी. माणसं वाढली म्हणाले. आणि त्या दिवशी पडवीत..."

"ठावं हाय मला. ईस्टरलाच कळलं व्हतं."

"मग येत का राहिलीस? बोलली का नाहीस?"

दुर्गाबाईने हातातला खडा उलटसुलट केला. "तुमी हात धरून वर बसवलं व्हतं. म्या म्हनलं, म्हातारी भ्यालीया. पर बोलंल एक दिस. म्हनून येत व्हते. वाट बघितली."

खाणीत मुकादमाने हाक मारली. सुरुंग उडणार होता, सगळ्यांना मागे सरायचं होतं. दुर्गाबाईने सुभद्राबाईंना धरून उठवलं आणि बांधापलीकडे नेऊन बसवलं. आवाज झाला, धूळ उडाली, खाली बसली.

"तू उपासनेला कुठं जातेस?"

"कुटंच न्हाई. गानी येत्यात तोंडात कंदी कंदी. दगडाला आयकवते."

"मी येत जाईन तुझ्याकडे. महिन्यातून एकदा. आपण दोघीच..."

"नगा येऊ, आजी," दुर्गाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी आलात की मला त्ये दार दिसतंय. तुमी आत जाताना." तिने फडकं पुन्हा कपाळावर ओढलं आणि कामाला गेली.

घरी पोचेपर्यंत चारची पाळी सुटली होती. मारुतराव दारातच उभा होता. "कुठं होतीस? सगळीकडे शोधलं."

"भोसरीला. दुर्गाबाईकडे."

तो चपला काढता काढता थांबला. "कशी आहे ती?"

"खडी फोडते."

त्या रविवारी मारुतरावाने शास्त्रवाचन दुसऱ्याला करायला सांगितलं आणि स्वतः मागे बसून राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहिला.

सुभद्राबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. पत्र्याची शेड उभी राहिलेली त्यांनी पाहिली. दर रविवारी त्या पुढच्या ओळीत बसत, गात, डोळे मिटत. लोक म्हणत, म्हातारी काय भाविक आहे. डोळे मिटल्यावर त्यांना काही ऐकू येत नसे. एकविसाव्या वर्षी ज्याने हाक मारली होती, तो पुढे निघून गेला होता, आणि त्यांना त्याची पाठही दिसत नव्हती.

भोसरीच्या वाटेला त्या पुन्हा गेल्या नाहीत. दुर्गाबाईने आयुष्यात त्यांच्याजवळ दोनदा काही मागितलं. त्यातलं हे एक त्यांच्याच्याने पाळवलं.